भातुकलीतले स्वयंपाकघर आणि बाहुलीचे घर

मराठीतील काही क्रियापदे माजघरात आणि अभ्यासिकेत सारख्याच सहजतेने वावरतात. 'मांडणे' हे त्यांपैकी एक. आपण पाट मांडतो, चूल मांडतो, डाव मांडतो, संसार मांडतो आणि प्रबंधात प्रमेयही मांडतो. 'मांडणी' म्हणजे युक्तिवादाची रचना, आणि ताटे-वाट्या ठेवायची भिंतीवरची फळी म्हणजेही 'मांडणीच'. भातुकली मांडतात, चैत्रगौरीची आरासही मांडतात. मात्र लोकसाहित्याच्या अभ्यासात आपण ओव्या गोळा केल्या, भोंडल्याची गाणी गोळा केली, उखाणे छापले. ज्या बायकांनी आणि मुलींनी ही गाणी म्हटली त्यांनी हाताने जे मांडले त्याकडे पाहायचे मात्र राहून गेले. शब्द वहीत उतरवता येतो. आरास उतरवायची म्हणजे मोडायचीच.

हा विचार सुचण्याचे निमित्त फॅशन-बाहुलीचे आहे. आमच्या इंदिरानगरात, जॉगिंग ट्रॅकच्या आसपासच्या सोसायट्यांमधून, बार्बीसारख्या बाहुलीसाठी बुटाच्या खोक्यात खोल्या सजवलेल्या अधूनमधून पाहायला मिळतात. आइसक्रीमच्या काड्यांचा पलंग, ब्लाउजपिसाच्या उरलेल्या तुकड्याचे पडदे, बाटलीच्या बुचांच्या बशा. काम बहुधा मुलीच्या नावावर असते. कातरकाम आणि चिकटवणे आईचे किंवा आजीचे. याला घरात 'रिकामपणचा उद्योग' म्हणतात. पण त्यात एक शिस्त आहे. बार्बी साडेअकरा इंच उंच, म्हणजे मापाने माणसाच्या साधारण एकषष्ठांश. एकदा हे प्रमाण धरले की बाकीच्या वस्तूंना ते पाळावेच लागते. पावणेतीन सेंटिमीटर व्यासाचे बूच सहापट केले की सोळा-सतरा सेंटिमीटरची नाश्त्याची बशी होते. काडेपेटीचा होतो कागदपत्रांचा खोका. आणि गंमत अशी, की जुन्या पितळी भातुकलीतले इंचभर तोंडाचे पातेले या हिशेबाने सहा इंची, रोजच्या आमटीचे पातेले ठरते. पणजीची भातुकली पणतीच्या बार्बीच्या ओट्यावर बिनतक्रार बसते. तिला बसत नाही ती बार्बीच.

याचे कारण भातुकलीच्या घडणीत आहे. नाव भातावरून, खेळ भाताचा, आणि साहित्य सगळे स्वयंपाकघराचे. चूल, जाते, पाटा-वरवंटा, विळी, किसणी, पोळपाट-लाटणे, झारा, घंगाळ, पाणी तापवायचा बंब. पुण्यात विलास करंदीकर यांनी भातुकलीच्या भांड्यांचा मोठा संग्रह करून त्याची प्रदर्शने भरवली आहेत. असा संग्रह पाहताना जाणवते की ही खेळणी म्हणजे मराठी स्वयंपाकघराची दप्तरखान्यासारखी जपलेली नोंद आहे. मोठ्या घरातून बंब गेला, जाते गेले. भातुकलीत ते राहिले. पुढे तिच्यातही स्टोव्ह आला, गॅसची शेगडी आली, कुकर आला. पण या सगळ्या पसाऱ्यात बाहुली कुठे आहे? ती लागते लग्नापुरती. बाहुला-बाहुलीचे लग्न लावायचे, जेवणावळ उठवायची, की चिंध्यांची बाहुली परत कोनाड्यात. तिला खोली नाही, खुर्ची नाही, पलंग नाही. भातुकलीत खेळणारी मुलगी स्वतःच गृहिणी होते. तिच्या जागी उभी राहायला बाहुलीची गरजच नसते.

हे निरागस होते असे मी म्हणणार नाही. लक्ष्मीबाई टिळक नाशिकजवळच्या जलालपूरच्या; १८८० साली त्यांचे लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. मुलींच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवणारा शारदा कायदा १९२९ सालचा. त्या आधीच्या पिढ्यांत बाहुलीचे लग्न लावणारी मुलगी आणि स्वतः बोहल्यावर उभी राहणारी मुलगी यांच्या वयात फारसे अंतर नव्हते. खेळाचे पातेले आणि खरे पातेले यांच्यातही मग एकदोन वर्षांचेच अंतर. पितळी भातुकली हे खाऊनपिऊन सुखी घरांचे लेणे, हेही विसरता येत नाही. इतरांची भातुकली मातीची, नारळाच्या करवंटीची. ज्वारीच्या चिपाडांची बैलगाडी आणि चष्मा करणारी पोरे हीही याच कारागिरीची वारसदार. खानदेशात आणि विदर्भात भुलाबाईच्या मातीच्या मूर्तीला काही ठिकाणी ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करतात. त्याला विकतचे काही लागत नाही.

आता दुसऱ्या टोकाचे घर पाहू. रूथ हँडलर यांची बार्बी १९५९ साली न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत पहिल्यांदा मांडली गेली. जर्मनीतल्या 'बिल्ड लिली' नावाच्या बाहुलीवरून तिची कल्पना आली होती. १९६२ साली तिच्यासाठी पहिले 'ड्रीमहाऊस' निघाले. ते घडीच्या पुठ्ठ्याचे होते. त्यात पलंग होता, दूरदर्शन संच होता, पुस्तके होती, रेकॉर्ड वाजवायची सोय होती. स्वयंपाकघर नव्हते. ज्या देशात १९७४ सालच्या कायद्यापर्यंत एकट्या बाईला कर्ज नाकारण्याची मुभा सावकारी संस्थांना होती, तिथे एका अविवाहित बाहुलीच्या मालकीचे, चुलीविना घर खेळण्याच्या दुकानात आले. भातुकली म्हणजे घराविना स्वयंपाकघर. हे स्वयंपाकघराविना घर. दोन्हींत काहीतरी गाळलेले आहे, आणि जे गाळले तिथेच त्या त्या समाजाने स्त्रीकडे कसे पाहिले ते दिसते.

पण लगेच टाळ्या वाजवायचे कारण नाही. भातुकलीतला भात खोटा होता, तरी मांडणारी ती मुलगी होती. पुठ्ठ्याच्या त्या घरात सगळे आधीच मांडून ठेवलेले होते. पुढच्या काळात त्यात स्वयंपाकघरेही आली, मोटारीही आल्या, आणि दर वस्तूला किंमतीची चिठ्ठी आली. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत नव्वदच्या दशकात ही बाहुली दिसू लागली ती पुष्कळदा शोकेसमध्ये, मूळ खोक्यासकट. खेळायला द्यायची तर ती मळेल, ही भीती. (शोकेस हा आपल्या फ्लॅट संस्कृतीतला एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे, त्यावर कुणीतरी लिहायला हवे.)

साहित्याच्या विद्यार्थ्याला इथे इब्सेनचे नाटक आठवणे अपरिहार्य. १८७९ सालच्या त्या नाटकाचे अनंत काणेकरांनी १९४१ साली मराठी रूपांतर केले आणि त्याला नाव दिले 'घरकुल'. मूळ नावात बाहुली आहे. काणेकरांच्या नावात ती नाही. हे निव्वळ मवाळपणामुळे झाले असे मला वाटत नाही. 'बाहुलीघर' हा शब्द मराठीत रुळलेला नव्हता, कारण वस्तूच नव्हती. नोराचे दुःख बाहुली म्हणून घरात ठेवले जाण्याचे. मराठी मुलीला घरात ठेवणारी प्रतिमा बाहुलीची नसून पातेल्याची होती. 'घरकुल' या शब्दात जो जिव्हाळा आहे, तो नोराने दार लावून घेतल्यावरही मागे शिल्लक राहतो, आणि म्हणून ते नाव मला मूळ नावापेक्षा अधिक क्रूर वाटते.

मग बाहुलीभोवती देखावा मांडण्याची रीत आपल्याकडे नव्हतीच का? होती, पण ती बाहुली म्हणजे देवी होती. चैत्र शुद्ध तृतीयेला अन्नपूर्णेची पितळी मूर्ती झोपाळ्यात बसवायची, आणि अक्षय तृतीयेपर्यंतच्या महिन्यात एखाद्या दिवशी हळदीकुंकू करायचे. डबे आणि खोकी रचून पायऱ्या, त्यांवर शालू किंवा पैठणी, त्यावर खेळणी, भरतकाम, कोरलेले कलिंगड, आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे. ही रीत मुख्यतः ब्राह्मण आणि पांढरपेशा घरांतली. दक्षिणेत नवरात्रातला बाहुल्यांचा कोलू तिचा जवळचा नातलग; तिकडे लाकडी जोडप्याला दरवर्षी नवे कपडे नेसवून पायऱ्यांवर बसवतात. ज्या काळात बाईला चित्र टांगायला भिंत नव्हती, त्या काळात चैत्रातली ही दुपार म्हणजे तिचे प्रदर्शनदालन होते, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायका हाच तिचा रसिकवर्ग. टीकाही होत असेल. बायकांच्या त्या टीकेची नोंद आपल्याजवळ नाही.

या आरासीत प्रमाण नावाची गोष्ट नसते. सावंतवाडीचा लाकडी आंबा शेजारच्या हत्तीपेक्षा मोठा, आणि हत्तीपुढे प्लास्टिकची मोटार. दिवाळीच्या किल्ल्यावरही असेच: महाराज महाद्वारापेक्षा उंच आणि मावळे तटबंदीच्या खांद्याशी. हे अडाणीपण नव्हे. इथले माप फूटपट्टीचे नसून मानाचे आहे. लुट्येन्सने इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२४ साली पुरे केलेले बाहुलीघर बारास एक अशा काटेकोर मापाचे; त्यातल्या ग्रंथालयात किपलिंग, हार्डी, कॉनन डॉइल यांनी स्वहस्ते लिहिलेली अंगठ्याएवढी पुस्तके. त्याच सुमारास तो नवी दिल्लीही बांधत होता. मोजून केलेले लहान आणि मोजून केलेले अवाढव्य, दोन्ही एकाच साम्राज्याची कामे. इंदिरानगरातल्या खोक्यात ही दोन मापे एकत्र येतात. बाहुली, पलंग, बशी एकास सहाच्या शिस्तीत. आणि कोपऱ्यातला गणपती मात्र बाहुलीच्या कमरेएवढा. तो कुणी लहान करत नाही.

फॅशन-बाहुली आणि देखावा यांच्या इतिहासातले सर्वांत हृद्य प्रकरण १९४५ सालच्या पॅरिसचे. युद्धाने कापड संपलेले, घरे थंड. तिथल्या वस्त्रकारांनी मदतनिधीसाठी तारेच्या, सुमारे सत्तर सेंटिमीटर उंचीच्या बाहुल्या केल्या आणि त्यांना हातभर कापडात खऱ्या बटणांचे, खऱ्या शिवणीचे पोशाख चढवले. 'तेआत्र द ला मोद' या नावाने मार्चमध्ये लूव्ह्रच्या वास्तूत हे प्रदर्शन उघडले. देखावे क्रिस्तियाँ बेरार, झाँ कॉक्तो अशा कलावंतांचे होते. १९४६ साली ते अमेरिकेत गेले. त्यानंतर बाहुल्या वॉशिंग्टन राज्यातल्या मेरीहिल संग्रहालयात पोचल्या, देखावे मात्र नष्ट झाले; पुढे कित्येक दशकांनी ते नव्याने बनवावे लागले. कॉक्तोसारख्याच्या हातच्या देखाव्याची ही गत, तर सदाशिव पेठेतल्या किंवा पंचवटीतल्या आरासीचे काय होणार?

बाहुली जपली जाते, देखावा जात नाही, हा नियम माणसांनाही लागू आहे. इथून महामार्गाने थोडे पुढे, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचे स्मारक आहे. फाळक्यांनी १९१५ साली आगकाड्या एकेक हलवून, एकेक चित्र टिपून 'आगकाड्यांची मौज' केली. त्या चित्रपटाची प्रत आज नाही. सरस्वतीबाई फाळके फिल्मच्या पट्टीला भोके पाडत, रसायने मिसळत, उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परतवत, आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत. पडद्यावर जे मांडले गेले त्याच्या कडेला त्या उभ्या होत्या. कडेची ही जागा आरास करणाऱ्या प्रत्येक बाईच्या ओळखीची आहे.

आजच्या आरासीचे फोटो मोबाईलवर राहतात, खोक्यातल्या खोलीचेही. त्यांत बाहुली दिसते, पलंग दिसतो, बुचाची बशी दिसते. डिंकाने चिकटवलेली काडी वाळेपर्यंत दोन बोटांत धरून ठेवावी लागते, ते फोटोत येत नाही.