सांध्यांच्या दुखण्यात सोनोग्राफी : निदानात भक्कम, उपचारात मर्यादित

सोनोग्राफी म्हटले की गर्भवतीची तपासणी किंवा मूत्रपिंडातील खडे एवढेच चित्र सर्वसामान्यांच्या डोळ्यांसमोर येते. खांदा वर उचलता येत नाही, सकाळी उठल्यावर बोटे आखडतात किंवा टाच टेकवत नाही, अशा तक्रारीसाठी डॉक्टरांनी सोनोग्राफी सुचवली की रुग्ण बुचकळ्यात पडतो. दुसरीकडे, फिजिओथेरपी केंद्रात जेल लावून फिरवल्या जाणाऱ्या यंत्रालाही ‘अल्ट्रासाऊंड’च म्हणतात, त्यामुळे तपासणी झाली की उपचार झाले, हेही अनेकांना उमगत नाही. ध्वनिलहरी एकच असल्या तरी त्यांची ही दोन कामे अगदी वेगळी आहेत आणि दोन्हींमागील शास्त्रीय पुराव्याचे बळही सारखे नाही.

ध्वनीतून चित्र कसे उमटते?

मनुष्याच्या कानाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडचा ध्वनी म्हणजे श्राव्यातीत ध्वनी. काही स्फटिकांवर दाब दिला असता वीज निर्माण होते, हा गुणधर्म जॅक आणि पिएर क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये शोधला. याच्या उलट, अशा पदार्थाला वीज दिली की तो कंप पावतो आणि ध्वनिलहरी बाहेर पडतात. सोनोग्राफीच्या प्रोबमध्ये हेच घडते. लहरी शरीरात शिरतात, निरनिराळ्या ऊतींच्या सीमेवरून परावर्तित होऊन प्रोबकडे परततात आणि परतण्यास लागलेल्या वेळावरून संगणक पडद्यावर चित्र रेखाटतो.

लहरींची वारंवारता जितकी अधिक, तितके चित्र बारकाईचे. मात्र लहरी तितक्या खोल पोहोचत नाहीत. म्हणूनच पोटाच्या तपासणीसाठी कमी, तर त्वचेखाली जवळच असणाऱ्या कंडरा, अस्थिबंध आणि लहान सांध्यांसाठी साधारण ७ ते १८ मेगाहर्ट्झची वारंवारता वापरली जाते. या चित्रात पाणी काळे दिसते, हाडाचा पृष्ठभाग पांढऱ्या ठळक रेषेसारखा उमटतो आणि त्याच्या खाली सावली पडते. स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा, म्हणजेच टेंडन, बारीक समांतर तंतूंच्या जुडीसारखी दिसते. ही जुडी कोठे तुटली, जाड झाली वा तिच्यात कॅल्शियम साठले, हे त्यामुळे कळू शकते.

अस्थी आणि स्नायूंच्या विकारांत या तंत्राचा प्रवेश तसा जुना आहे. ऑस्ट्रियन डॉक्टर कार्ल डुसिक यांनी १९५८ मध्ये सांध्याभोवतीच्या ऊतींतून ध्वनिलहरी कशा क्षीण होतात, याची मोजमापे प्रसिद्ध केली. गुडघ्यामागील द्रवाची गाठ आणि पायातील शिरेचा दाह या दोहोंतील फरक सोनोग्राफीने ओळखता येतो, हे १९७२ मध्ये दाखवले गेले. पुढे यंत्रांची वारंवारता वाढली, आकार घटला आणि १९९० च्या दशकात सूक्ष्म रक्तप्रवाह टिपणारे ‘पॉवर डॉप्लर’ तंत्र हाती आल्यावर या शाखेने वेग घेतला.

खांद्यापासून टाचेपर्यंत

या तपासणीचा सर्वाधिक उपयोग खांद्यासाठी होतो. खांद्याभोवतीच्या चार स्नायूंच्या कंडरांचे मिळून एक आवरण तयार होते, त्याला ‘रोटेटर कफ’ म्हणतात. हे आवरण पूर्ण फाटले आहे का, हे ओळखण्यात अनुभवी तज्ज्ञाच्या हातातील सोनोग्राफी एमआरआयच्या तोडीची ठरते, असे तुलनात्मक अभ्यासांतून दिसून आले आहे. एमआरआयला नसलेली एक सोयही येथे आहे. रुग्णाला हात वर करायला, वळवायला सांगून कंडरा प्रत्यक्ष हालचालीत पाहता येते आणि ‘येथेच दुखते’ असे रुग्णाने दाखवल्यास प्रोब नेमका तेथे ठेवता येतो. दुसरा खांदा तुलनेसाठी लगेच तपासता येतो. किरणोत्सर्ग नाही, बोगद्यासारख्या यंत्रात पडून राहणे नाही आणि खर्चही एमआरआयपेक्षा कमी.

मनगटात चेतेवर दाब येऊन बोटांना मुंग्या येण्याच्या ‘कार्पल टनेल’ विकारात ती चेता सुजलेली दिसते. मनगटापाशी तिचे क्षेत्रफळ साधारण १० चौरस मिलिमीटरहून अधिक भरल्यास शंका बळावते. सकाळी पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ येत असेल, तर तळव्याच्या पट्ट्याची जाडी मोजतात. ती ४ मिलिमीटरपेक्षा अधिक असणे हे त्या पट्ट्याच्या विकाराचे लक्षण मानले जाते. टेनिस एल्बो, अंगठ्याच्या मुळाशी होणारा कंडरादाह, घोट्यामागच्या जाड कंडरेचे फाटणे, स्नायूतील रक्ताची गाठ आणि काचेचा वा लाकडाचा रुतलेला तुकडा यांच्या निदानासही ही तपासणी उपयोगी पडते. लाकूड एरवी क्ष-किरण चित्रात सहसा दिसतही नाही.

संधिवात आणि गाऊट

आमवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, सांध्याच्या आतील अस्तर सुजते आणि उपचार लांबल्यास हाड कुरतडले जाते. क्ष-किरण चित्रात ही झीज दिसते, तोवर मोलाचा काळ निसटलेला असतो. सोनोग्राफीत सुजलेले अस्तर आणि पॉवर डॉप्लरमुळे त्यातील वाढलेला रक्तप्रवाह आधीच दिसू शकतो. हाडावरील लहान खड्डेही अनेकदा क्ष-किरणांपेक्षा लवकर सापडतात. त्यामुळे निदान संदिग्ध असताना ही तपासणी निर्णायक ठरू शकते.

मात्र एकदा उपचार सुरू झाल्यावर प्रत्येक भेटीत सोनोग्राफी करून औषध वाढवावे काय? नॉर्वेत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २३८ रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा करण्यात आला. काटेकोर वैद्यकीय तपासणीच्या आधारे औषधे ठरवलेल्या रुग्णांपेक्षा सोनोग्राफीच्या आधारे ठरवलेल्यांची प्रकृती विशेष सुधारली नाही. औषधे मात्र अधिक दिली गेली. चित्र अधिक स्पष्ट दिसले म्हणजे निष्पत्ती अधिक चांगली होतेच असे नाही, हा धडा त्यातून मिळाला.

गाऊटमध्ये युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यातील कूर्चेच्या पृष्ठभागावर थर धरतात. हाडाची एक आणि स्फटिकांच्या थराची दुसरी, अशा दोन समांतर रेषा पडद्यावर उमटतात. ही खूण दिसल्यास निदानाला बळकटी येते. सांध्यातील द्रव काढून सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक पाहणे ही खात्रीची कसोटी आजही कायम आहे.

तान्ह्या बाळाचा खुबा

या तंत्राचे सर्वांत मोठे मोल कदाचित तान्ह्या बाळांमध्ये आहे. काही बाळांच्या खुब्याची खोबण उथळ असते आणि मांडीच्या हाडाचा गोल तीत नीट बसत नाही. या वयात तो गोल प्रामुख्याने कूर्चेचा असल्याने क्ष-किरण चित्रात धड दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतो. ऑस्ट्रियाचे अस्थिरोगतज्ज्ञ राइनहार्ड ग्राफ यांनी १९८० मध्ये ही पद्धत मांडली. त्या देशात १९९२ पासून सर्व नवजात बालकांची अशी तपासणी केली जाते.

दोष पहिल्या काही महिन्यांत सापडला तर पाय विशिष्ट स्थितीत ठेवणाऱ्या पट्ट्यांनी तो बहुधा सुधारतो. मूल लंगडू लागल्यावर सापडला तर शस्त्रक्रियेची वेळ येते. पायाळू बाळ, मुलगी आणि कुटुंबात असा विकार असणे, या बाबींमुळे धोका वाढतो. अशा बाळाची सहा आठवड्यांच्या सुमारास तपासणी करून घेणे इष्ट. बाळाचे पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट गुंडाळण्याची घराघरांतील प्रथाही खुब्यासाठी घातक ठरू शकते. याउलट, कडेवर घेताना पाय फाकलेले राहतात, ती स्थिती खुब्याला पोषक असते.

मोठ्या मुलाला ताप असून तो पाय टेकवत नसेल, तर खुब्यात द्रव साठला आहे का हे सोनोग्राफी काही मिनिटांत सांगते. तो पू आहे की साधा द्रव, हे मात्र चित्रावरून ठरवता येत नाही. त्यासाठी सुईने द्रव काढूनच तपासावा लागतो. पू असल्यास काही तासांचा विलंबही सांध्याचे कायमचे नुकसान करू शकतो.

मर्यादा कोणत्या?

ध्वनिलहरी हाड भेदून पलीकडे जात नाहीत. त्यामुळे हाडाच्या आतील विकार, गुडघ्यातील क्रूसबंध, गादीचा खोल भाग आणि मणक्यांमधील चकती यांसाठी एमआरआयला पर्याय नाही. ‘गुडघ्याची सोनोग्राफी नॉर्मल आली’ म्हणजे गुडघा निर्दोष आहे, असा अर्थ काढता येत नाही.

दुसरी मर्यादा तपासणाऱ्याच्या हाताची. प्रोब कंडरेला काटकोनात नसेल तर निरोगी कंडराही काळी दिसते आणि ती फाटल्याचा भास होतो. तिसरी बाब रुग्णांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे. साठीनंतर खांद्याची कंडरा फाटलेली असूनही काहीच न दुखणारी माणसे पुष्कळ असतात. तेव्हा अहवालातील ‘टेअर’ हा शब्द वाचून शस्त्रक्रियेची घाई करणे चुकीचे. लक्षणे, तपासणी आणि चित्र या तिन्हींचा मेळ बसला, तरच निष्कर्षाला अर्थ असतो.

सुईला वाट दाखवताना

सांध्यात इंजेक्शन देताना किंवा द्रव काढताना सुईचे टोक पडद्यावर पाहत पुढे नेता येते. शिरा आणि चेता टाळता येतात, खुब्यासारख्या खोल सांध्यातही नेम साधतो. शस्त्रक्रियेपूर्वी हाताची वा पायाची ठरावीक चेता बधिर करण्यासाठी भूलतज्ज्ञ याच पद्धतीचा अवलंब करतात.

येथेही अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. खांदेदुखीवरील स्टेरॉइड इंजेक्शनांचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२१ च्या अहवालानुसार, सोनोग्राफीच्या साहाय्याने दिलेल्या इंजेक्शनाने वेदनेत फारसा जादा लाभ होत नाही. खांद्यातील कॅल्शियम सुईने धुऊन काढण्याच्या उपचाराची २२० रुग्णांवरील चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत हा उपचार लटक्या उपचाराहून सरस ठरला नाही. मधुमेही रुग्णांची साखर स्टेरॉइडच्या इंजेक्शनानंतर काही दिवस वाढू शकते, हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावे.

फिजिओथेरपीतील ‘शेक’

फिजिओथेरपीतील यंत्र चित्र दाखवत नाही. त्यातून सामान्यतः १ किंवा ३ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडल्या जातात; १ मेगाहर्ट्झच्या खोलवर, ३ मेगाहर्ट्झच्या त्वचेलगत पोहोचतात. सलग लहरींनी ऊती गरम होतात, तुटक लहरींत उष्णता कमी राहते. अनेक दशके हा उपचार सर्रास दिला जात असला, तरी त्याच्या परिणामकारकतेचा पुरावा तोकडा आहे.

व्हिएन्नातील संशोधकांनी १९९९ मध्ये खांद्यात कॅल्शियम साठलेल्या रुग्णांना २४ वेळा हा उपचार दिला. सुरुवातीला वेदना कमी झाल्या. नऊ महिन्यांनंतर वेदनेतील फरक उरला नाही. मुरगळलेल्या घोट्यासंबंधीच्या कोक्रेनच्या २०११ च्या आढाव्यात या उपचाराचा लाभ आढळला नाही. गुडघ्याच्या झिजेत काही लाभ संभवतो, पण तेथील पुरावा कमी दर्जाचा आहे. मोडलेले हाड लवकर सांधावे म्हणून वापरल्या जाणाऱ्या सौम्य लहरींच्या यंत्राला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९४ मध्ये मान्यता दिली होती. नडगीचे हाड मोडलेल्या ५०१ रुग्णांवरील २०१६ च्या चाचणीत मात्र हाड लवकर सांधल्याचे दिसले नाही.

थोडक्यात, हा शेक व्यायामाला पूरक म्हणून घेता येईल. व्यायामाची जागा तो घेऊ शकत नाही. प्रोब एका जागी स्थिर धरल्यास भाजण्याची भीती असते. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांना तर चटका बसल्याचेही कळत नाही. गर्भवतीच्या पोटावर व कमरेवर, कर्करोगाच्या गाठीवर आणि पेसमेकरच्या जागी हा उपचार वर्ज्य आहे.

कायद्याची चौकट

गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. तो कायदा १९८८ चा. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला आणि २००३ पासून अधिक कठोर करण्यात आला. राज्यात शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३, तर २०११ मध्ये ८९४ होती. या आकड्यांपुढे कठोरपणाची गरज वेगळी सांगायला नको. मात्र यंत्र केवळ सांध्यांसाठी वापरायचे असले तरी नोंदणी बंधनकारक असते आणि नोंदलेल्या जागेबाहेर ते नेण्यावर निर्बंध असतात. परदेशात संधिवाततज्ज्ञ वा क्रीडावैद्यक तज्ज्ञ आपल्या टेबलावरच सोनोग्राफी करतात. येथे रुग्णाला बहुधा सोनोग्राफी केंद्रात जावे लागते.

रुग्णांनी ध्यानात ठेवावे असे काही

* सांध्यांच्या सोनोग्राफीसाठी उपाशी राहण्याची गरज नसते.
* सांध्यांच्या तपासणीचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाकडे जावे. आधीची क्ष-किरण चित्रे सोबत न्यावीत.
* नेमके कोठे व कोणत्या हालचालीत दुखते, ते तपासताना सांगावे.
* अहवाल उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून समजून घ्यावा. स्वतः अर्थ लावू नये.
* शेकाच्या काही बैठकांनंतरही गुण नसेल, तर तोच उपचार पुढे चालू ठेवण्याऐवजी निदानाचा फेरविचार करण्यास सांगावे.
* सांध्याच्या सुजेसोबत ताप असल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.