गोळीचा गुण गेला, की तो गोळीचा नव्हताच?

पीएचडीच्या पहिल्या सेमिनारमध्ये मी एक आकडा मोठ्या तोऱ्यात स्लाईडवर टाकला होता: ९ ते ३३ टक्के. नैराश्याच्या गोळ्या नियमित चालू असतानाही इतक्या रुग्णांत आजार उलटतो, असं बर्न आणि रॉथशील्ड यांच्या १९९८च्या आढाव्यात आहे. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "तुलनेचा गट कुठंय?" मी गप्प.

स्वित्झर्लंडच्या रोलंड कून यांनी १९५७ साली इमिप्रामिनबद्दल लिहिलं, तेव्हा प्रश्न साधा होता: गुण येतो का? बरं वाटल्यावर गोळी किती काळ घ्यायची, हा प्रश्न नंतरचा. पिट्सबर्गमध्ये एलन फ्रँक, डेव्हिड कुप्फर आणि सहकाऱ्यांनी वारंवार नैराश्य येणाऱ्या १२८ रुग्णांचा तीन वर्षं अभ्यास केला (प्रसिद्धी १९९०). इमिप्रामिनचा डोस त्यांनी कमी केला नाही, पूर्णच ठेवला. फायदा स्पष्ट दिसला, तरी काही जण गोळी घेता घेताच पुन्हा आजारी पडले. म्हणजे 'डोस कमी पडला' एवढं म्हणून भागेना.

मग फार्माकॉलॉजीतून शब्द उसना आला, टॅकिफायलॅक्सिस. एफेड्रिन लागोपाठ दिलं की परिणाम झपाट्याने घटतो, त्याला हे नाव. 'टॅकी' म्हणजे जलद. इथे तर महिने-वर्षं जातात! शब्द जड असला की कारण कळल्यासारखं वाटतं, हा आपला जुना रोग.

२००७ साली झिमरमन आणि थाँगी यांनी हिशोबच उलटा मांडला. गोळीवर बरे झालेल्यांपैकी काही जण प्लासिबोवरही बरे झाले असते. (म्हणून त्यांचा आजार खोटा ठरत नाही.) त्यांचं आजारपण उलटलं, तर गोळीचा गुण 'गेला' कसा म्हणणार? तो गोळीचा नव्हताच. हे वजा केल्यावर खरं टॅकिफायलॅक्सिस फार थोडं उरतं, असा त्यांचा निष्कर्ष.

आता २००३चं गेडिस आणि सहकाऱ्यांचं विश्लेषण पाहा. ३१ चाचण्यांत प्लासिबोवर ४१ टक्के रुग्णांचा आजार उलटला, गोळी चालू ठेवलेल्यांत १८ टक्के. नुसते १८ वाचून 'गोळी निकामी झाली' म्हणणारा रुग्ण ती स्वतःच बंद करतो, आणि शेजारचे ४१ त्याला कुणी दाखवलेलेच नसतात.

पण समोर बसलेला एकच रुग्ण यातल्या कुठल्या गटातला, हे या टक्केवारीतून कळत नाही. डॉक्टर आधी विचारतात, गोळ्या रोज घेता ना? मग थायरॉइड, दारू, आणि हा आजार मुळात बायपोलर तर नाही ना, हे तपासतात.