काकूंनी लपवलेली गोळी

परवा नेरूळ स्टेशनबाहेर शेजारच्या काकू भेटल्या. हातात भाजीची पिशवी, गप्पांचा तोच सपाटा. दोन पावसाळ्यांपूर्वीचा त्यांचा सुजलेला चेहरा आठवला आणि घरी येऊन हे लिहायला बसलो.

काकूंना ल्युपस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते. कातडीवरच्या चट्ट्यांसाठी डॅप्सोन सुरू झालं. पाचव्या आठवड्यात ताप, अंगभर पुरळ, मानेत गाठी, डोळे पिवळे. पावसाळाच तो! आधी डेंग्यू, मग लेप्टो, शेवटी 'ल्युपस भडकला'. औषधं विचारली तेव्हा काकूंनी बाकी सगळी सांगितली, हीच तेवढी नाही. औषधाच्या दुकानात कुणीतरी बोललं होतं, "ही तर कुष्ठरोगाची गोळी."

खोटं नव्हतं ते. १९०८ साली जर्मनीत तयार झालेलं हे रसायन १९४० च्या दशकात कुष्ठरोगावर वापरात आलं. तोवर मुख्य आधार कडूकवठाच्या जातीतल्या झाडांच्या तेलाचा. टोचून घ्यायचं, आणि फार दुखायचं म्हणे. निजामाबादजवळच्या डिचपल्लीत आणि पुढे कलकत्त्यात कुष्ठरोग्यांवर उपचार केलेले डॉ. जॉन लो नंतर नायजेरियात गेले. तिथे त्यांनी आणि स्मिथ यांनी १९४९ मध्ये नोंदवलं, की नव्या औषधावरच्या काही रुग्णांना काही आठवड्यांनी ताप, गाठी आणि सालपटं निघणारं पुरळ येतं. १९५१ पासून त्याला 'डॅप्सोन सिंड्रोम' म्हणू लागले.

गोंधळ तेव्हाही हाच होता. कुष्ठरोगातही अधूनमधून ताप आणि सूज उसळते. मग हे आजाराचं की औषधाचं? ल्युपसमध्ये तोच पेच. दोन्हींत ताप, पुरळ, गाठी. फरक बारीक: ल्युपस भडकला की पांढऱ्या पेशी बहुधा घटतात, औषधाच्या प्रतिक्रियेत इओसिनोफिल वाढतात. पण स्टेरॉइड चालू असलं की तेही झाकलं जातं. उरते ती गोळी सुरू केल्याची तारीख. चीनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये एचएलए-बी*१३:०१ या जनुकाशी संबंध दाखवला, पण ती तपासणी गोळीआधी सगळीकडे कुठे होते?

असो. काकूंच्या लेकीला गोळ्यांची पट्टी मसाल्याच्या डब्यामागे सापडली. तरुण डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, "कधीपासून?" कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी बारीक खूण होती. पस्तीस दिवस. गोळी त्याच दिवशी बंद. स्टेरॉइड मात्र महिनोन्महिने हळूहळू उतरवावं लागलं.

आता काकूंच्या पाकिटात लोकलच्या पासमागे एक चिठ्ठी असते: 'डॅप्सोन देऊ नये.' परवा त्यांनी ती स्वतःहून दाखवली.