गुप्तवार्ता आणि सही

इराकमधील संहारक अस्त्रांच्या गुप्तवार्तांचा हवाला देऊन २००३ साली युद्ध पुकारले गेले. अस्त्रे सापडली नाहीत. या प्रकाराचे एक पूर्वरूप साताऱ्याच्या इतिहासात आढळते. कंपनीच्या शिपायांना फितवणे, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधणे असे आरोप छत्रपती प्रतापसिंहांवर ठेवले गेले. १८३६ मध्ये गुप्त आयोग बसला. महाराजांनी मागितलेली खुली चौकशी मात्र झाली नाही. 'दोष मान्य करा, गादी राहील,' अशा आशयाचा प्रस्ताव गव्हर्नर कारनॅकने ठेवला. महाराजांनी सही नाकारली आणि सप्टेंबर १८३९ मध्ये गादी गमावली. रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षे दाद मागत राहिले. ती मिळाली नाही. प्रश्न एवढाच उरतो : वार्ता इतकी पक्की होती, तर आरोपीच्या सहीची गरज का भासावी?