कांचेंतील समुद्र

जेलीफिशच्या शरीरांत शेंकडा ९५ भाग पाणीच असतें. तिला मद्यार्कांत ठेवली कीं रंग उडतो, आकार आक्रसतो आणि बरणीच्या तळाशीं एक फिकट गोळा तेवढा उरतो. एकोणिसाव्या शतकांतील संग्रहालयांची ही मोठीच अडचण होती. ती दूर केली ती मात्र एका कांचकारागिरानें.

लिओपोल्ड ब्लाश्का हा मूळचा बोहेमियाचा. १८५० सालीं त्याची पत्नी वारली, पाठोपाठ वडीलहि गेले. १८५३ सालीं तो अमेरिकेस निघाला असतां अझोर्स बेटांजवळ वारा पडला व जहाज सुमारें दोन आठवडे जागच्या जागीं खिळून राहिलें. रात्रीं काळ्याभोर पाण्यांत उजळणारे ते प्राणी तो न्याहाळीत बसे व त्यांचीं चित्रें काढी. पुढील सारी कला त्या उदास पंधरवड्यांत जन्मली, असें मला वाटतें. १८६३ पासून त्यानें, व मागाहून मुलगा रुडॉल्फ यानें, ड्रेस्डेन येथें ज्योतीवर कांच वितळवून हजारों समुद्रप्राणी घडविले. जेलीफिशचे केंसासारखे तंतुहि त्यांत आहेत!

योगायोग असा कीं, जेलीफिशचा प्रख्यात चित्रकार-शास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यालाहि १८६४ सालीं पत्नीवियोग घडला. एका जातीस त्यानें तिचेंच नांव दिलें. (मानववंशांची त्यानें लाविलेली उतरंड मात्र त्याच्या कीर्तीस कायमचा डाग आहे.) प्रेक्षकाला जेलीफिशच्या मध्यें उभें करणारीं प्रकाशदालनें आज नवीं म्हणून वाखाणलीं जातात; पण मोनॅकोच्या सागरी संग्रहालयांत १९१० पासूनच हेकेलच्या चित्रांवरून घडविलेलें झुंबर पाहुण्यांच्या माथ्यावर तरंगत आहे.

ब्लाश्कांच्या प्रतिकृतींचा एक मोठा संच अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठानें १८८५ सालीं घेतला. तेथील प्राणिशास्त्रज्ञ ड्रू हार्वेल यांनीं त्यांतील प्राणी आज समुद्रांत जिवंत सांपडतात काय, याचा शोध घेतला व २०१६ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. विद्यार्थ्यांसाठीं केलेलीं कांचेचीं खेळणीं अशा रीतीनें समुद्राची जुनी जमाखर्चाची वहीच ठरलीं.

त्या वहींत जेलीफिशची बाजू इतरांइतकी दुबळी नाहीं. पन्नास कोटी वर्षांहून अधिक काळ ती टिकली आहे. जगभर ती वाढतेच आहे काय, याविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु माणसानें मासे उपसले कीं तिचे प्रतिस्पर्धी घटतात, प्राणवायूची तूटहि तिच्या कित्येक जाती सोसतात, आणि बंदरांचे धक्के तिच्या पिलांना चिकटावयास आयतेच मिळतात. २०१३ सालीं स्वीडनमधील ऑस्करशाम येथें अणुवीजकेंद्राच्या थंड पाण्याच्या नळांत जेलीफिशचे थवे शिरले, आणि तेथील प्रचंड अणुभट्टी बंद करावी लागली.