मुलाखत 1933 ची आणि आजची

परवा संध्याकाळी आमच्या गल्लीतले पिठाच्या गिरणीवाले मुलीला घेऊन घरी आले. पोरगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, विषय केमिस्ट्री. जॅम परीक्षेत चांगले मार्क पडले आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून इंटिग्रेटेड पीएचडीच्या मुलाखतीचं बोलावणं आलंय. ‘तुमचं रोज मोठ्या लोकांशी बोलणं असतं. तिथं काय विचारतात? काय घालून जायचं? इंग्रजी अडलं तर?’ बाप विचारत होता, मुलगी खाली बघत होती.

मला केमिस्ट्रीतलं ओ की ठो कळत नाही. पण त्याच संस्थेच्या दारातली एक जुनी गोष्ट माहीत होती, ती सांगितली. तुम्हालाही सांगतो.

आणीबाणीत कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर ताठ उभ्या राहिलेल्या दुर्गाबाई भागवत सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांची धाकटी बहीण कमला. 1933 साली ती मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सीत पहिली आली. विषय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र. पुढच्या संशोधनासाठी तिने बंगळुरूला अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रमण, 1930 चे नोबेल विजेते. त्यांनी अर्ज नाकारला. कारण मार्क नव्हे, विषय नव्हे. अर्जदार मुलगी आहे, एवढंच.

कमला गप्प बसली नाही. थेट बंगळुरूला जाऊन तिने रमण यांना गाठलं आणि जाब विचारला. आजच्यासारखं मुलाखत मंडळ तेव्हा नव्हतं, पण खरी मुलाखत तीच म्हणायची. फरक इतकाच की, प्रश्न उमेदवार विचारत होती आणि उत्तर समोरच्याकडे नव्हतं.

शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करावं लागेल. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेचं वातावरण बिघडता कामा नये! पहिल्या आलेल्या मुलीला ही अट. अपमान गिळून तिने ती मान्य केली आणि एम. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षभराने रमण यांना तिच्या कामाबद्दल बोलायला जागा उरली नाही. त्यानंतर संस्थेत इतर मुलीही येऊ लागल्या. पुढे हवामानशास्त्रात नाव काढलेल्या अ‍ॅना मणी यांनी तर खुद्द रमण यांच्याच प्रयोगशाळेत संशोधन केलं.

कमलाबाई पुढे केंब्रिजला गेल्या, 1939 मध्ये पीएचडी झाल्या. परत येऊन नीरेतल्या पोषक घटकांवर, कुपोषित आदिवासी मुलांसाठी आणि गरोदर बायांसाठी तिच्या उपयोगावर त्यांनी संशोधन केलं. मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकही झाल्या.

आता इथं एक गोष्ट आपण सोयीस्कर विसरतो. जिद्द होतीच, पण कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही त्याच बंगळुरूच्या संस्थेत शिकलेले. ती जागा कशी असते, तिथं काय चालतं, हे त्या घरात जेवताना बोललं जात असणार. गिरणीवाल्याच्या पोरीने हे कुणाला विचारायचं? आज फॉर्मवर मुलगी म्हणून कुणी नाही म्हणत नाही, चांगलंच आहे. पण घरात माहिती नसणं ही अट न लिहिता लागूच आहे. आणि ती आपल्या तालुक्यातल्या मुलामुलींनाच जास्त लागते.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी आमच्या ओळखीच्या दोन निवृत्त सरांना फोन केला. रविवारी शाळेच्या प्रयोगशाळेत दोघांनी तिची दोन तास मुलाखत घेतली. पहिलाच प्रश्न : दुधात लिंबू पिळलं की दूध का फाटतं? पोरीने आधी पाठ केलेली व्याख्या सांगितली. सर म्हणाले, ‘पुस्तक बाजूला ठेव, फळ्यावर दाखव.’ मग ती हळूहळू सुटली. आम्लाने केसीनच्या कणांवरचा विद्युतभार कमी होतो, एकमेकांना दूर ठेवणारं बळ जातं, कण चिकटतात. मराठीत विचार केला, मग मोडक्या इंग्रजीत मांडला. एका प्रश्नावर अडली तेव्हा सर म्हणाले, ‘येत नाही हे सरळ सांग, पण कुठून सुरुवात करशील तेही सांग.’ कपड्यांचा विषय कुणी काढलाच नाही.

तिची मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. निकाल काय लागेल ते लागेल.

पण गावात असे निवृत्त सर, बाहेर शिकून आलेली मुलं, बँकेतले, दवाखान्यातले लोक आहेत. महिन्यातून एक रविवार द्यायला तयार असाल तर खाली नाव लिहा. प्रयोगशाळेची किल्ली मिळवायचं काम माझ्याकडे.