सोनोग्राफीच्या खोलीतील मौन आले कोठून?

शहापूर तालुक्यातील भातसानगर ही भातसा धरणामुळे वसलेली वसाहत. या परिसरातील पाड्यांवरून निघालेली गर्भवती तालुक्याच्या गावी पोहोचते तेव्हा सोनोग्राफीपूर्वी तिच्यापुढे ‘फॉर्म एफ’ येतो. नाव, वय, पत्ता, आधीची मुले किती, त्यांत मुलगे किती, मुली किती. शेवटी प्रतिज्ञापत्र: गर्भाचे लिंग जाणून घेण्याची माझी इच्छा नाही. सही येत नसेल तर अंगठा. सुरुवातीचे महिने असतील तर भरपूर पाणी पिऊन बसायला सांगतात. (ज्या तालुक्याचे पाणी मुंबईला जाते आणि ज्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात, तेथे ही सूचना जरा विचित्रच वाटते.) मग पोटावर थंडगार जेल, अनेकदा डॉक्टरांकडेच वळवलेला पडदा, आणि “बाळ ठीक आहे” एवढे तीन शब्द.

जगात इतरत्र याच खोलीत आईवडील पडद्याकडे बोट दाखवून हसतात. आपल्याकडे ती गप्प का, हा या धाग्याचा विषय.

हे यंत्र मुळात या कामाचे नव्हते. धातूतील भेगा शोधण्यासाठी कारखान्यांत ध्वनिलहरी वापरत. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी कारखान्यात नेऊन तेथील उपकरणावर तपासल्या. पुढे एका स्त्रीला शस्त्रक्रियेपलीकडचा कर्करोग झाल्याचे निदान झाले होते. यंत्राने ती अंडाशयातील पाण्याची गाठ असल्याचे दाखवले आणि ती बाई वाचली. १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. एका रुग्ण स्त्रीचा जीव वाचवणाऱ्या यंत्राची भारतातील पुढची कथा मात्र निराळी आहे.

भारतात गर्भलिंगनिदानाचा आरंभ सोनोग्राफीने झाला नाही. १९७० च्या दशकात गर्भजलपरीक्षा आली, तीही आनुवंशिक दोष शोधण्यासाठी. सरकारी रुग्णालयांत तिच्या गैरवापराला बंदी झाली आणि धंदा खासगी दवाखान्यांत गेला. आज काही शे रुपये खर्च करा, उद्याचा हुंडा वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती उघडपणे झळकत. मुंबईतील स्त्री-संघटना, काही डॉक्टर आणि विज्ञान चळवळीतील कार्यकर्ते यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यास याविरुद्ध मोहीम उभारली. तिचे फळ म्हणजे महाराष्ट्राचा १९८८ चा कायदा, देशातील या विषयावरचा पहिला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला.

पण कायदा कागदावर राहिला. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. सधन कोल्हापुरात २००१ साली हा आकडा ८३९ होता. दारिद्र्य आणि अज्ञान यांवर खापर फोडणाऱ्यांनी तो जरूर पाहावा. २००० मध्ये मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००१ च्या आदेशानंतर सोनोग्राफी केंद्रांच्या नोंदणीला खरा वेग आला आणि २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला. कोल्हापूर जिल्हा प्रशासनाने तर यंत्रांनाच ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचे नोंद ठेवणारे उपकरण जोडले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की फॉर्म एफ अपुरा भरणे ही निव्वळ कारकुनी चूक मानता येणार नाही. डॉक्टरही त्यावर लिहून देतात की आपण लिंग पाहिले नाही व सांगितले नाही. ते मौन असे घडले.

मला हा कायदा आवश्यक वाटतो. तरीही त्याचा भार कोणावर पडला, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारलेच पाहिजे. यंत्र लपूनछपून फिरवले जाऊ नये म्हणून २०१२ च्या नियमांनी पोर्टेबल सोनोग्राफी यंत्रांवर कडक निर्बंध आले. नोंदणीकृत रुग्णालय किंवा फिरते वैद्यकीय पथक यांपलीकडे त्याला जागा उरली नाही. पाड्यावर यंत्र सहज नेता येत नाही, म्हणून बाईच यंत्राकडे जाते, तेही मजुरीचा दिवस बुडवून. आणि शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर राहणाऱ्या ठाकूर, वारली, कातकरी या अनुसूचित जमातींचे देशभरातील बालिकांचे प्रमाण तर सर्वसाधारण सरासरीहून बरेच चांगले आहे. ज्या घरांनी मुली नाकारल्या नाहीत, त्यांच्याही अंगठ्याचा ठसा त्या प्रतिज्ञेखाली उमटतो.

नियमानुसार हे कागद दोन वर्षे जपायचे असतात. खटला चालू नसेल तर त्यानंतर ते नष्ट करता येतात. नाव, गाव, मुलगे किती, मुली किती आणि अंगठा, एवढ्या नोंदीसह.